सनद मिळाल्यानंतरची गरिबी

सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात २६ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. गावोगावच्या चौकात दिसतो तसा निळ्या कोटातला हा पुतळा नाही. इथे बाबासाहेब वकिलाच्या वेशात आहेत, अंगात गाऊन आणि हातात राज्यघटना. त्या वर्षी त्यांच्या वकिलीच्या सनदेला शंभर वर्षं पूर्ण झाली होती. घटनाकार, अर्थतज्ज्ञ, नेता, धर्मांतर घडवणारा माणूस अशा त्यांच्या ओळखी आपल्याला तोंडपाठ आहेत. पण परळमध्ये बसून अशिलांची वाट पाहणारा तरुण वकील फारसा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

गरिबीतून वर आलेल्या वकिलांच्या गोष्टी आपण एका ठरावीक जागी थांबवतो, हे त्याचं कारण असावं. पोरगं हालात शिकलं, बॅरिस्टर झालं, टाळ्या वाजल्या, गोष्ट संपली. वकिलीच्या बाबतीत ही फसवणूक आहे. डॉक्टरकीत किंवा मास्तरकीत पदवीपाठोपाठ निदान काहीतरी पगार सुरू होतो. वकिलीत पदवी हातात पडते तेव्हा खर्च सुरू होतो, आणि कमाई कधी सुरू होईल ते कुणीच सांगू शकत नाही.

बाबासाहेबांच्या बालपणातले प्रसंग शाळकरी मुलांनाही माहीत आहेत, म्हणून ते थोडक्यात सांगतो. आई लहानपणीच गेली. साताऱ्याच्या शाळेत बसायला तरट घरून न्यायचं आणि शाळा सुटली की परत आणायचं. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहानलेलंच राहायचं. १९०१ च्या सुमारास भावंडं वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनावर जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचं या अटीवर. सोबत डबा होता, पण पाणी कुणी दिलं नाही, त्यामुळे रात्र उपाशी गेली. मुंबईत आल्यावर पुस्तकांसाठी पैसे लागले की वडील, रामजी, लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत आणि गहाण ठेवत.

पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ, १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आलं. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा नावापुढे इतक्या पदव्या होत्या की त्या काळच्या हायकोर्टात तशा फार थोड्यांकडे असतील.

आणि सनद काढायला पैसे नव्हते.

ते पैसेही भथेनांनीच दिले आणि जुलैमध्ये नाव नोंदवलं गेलं. चरित्रग्रंथांत ही बाब एखाद्या ओळीत उरकलेली असते. मला मात्र ती बॅरिस्टरीच्या परीक्षेइतकीच मोठी वाटते. भथेना नसते तर काय, हा प्रश्न विचारून पाहावा.

सनद आली, पण काम कुठून येणार? तेव्हा मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट हायकोर्टात दाखल होणाऱ्या दाव्यांत, बॅरिस्टरला अशिलाकडून थेट काम घेता येत नसे. अशील सॉलिसिटरकडे जायचा, कागदपत्रं सॉलिसिटर तयार करायचा आणि ब्रीफ कोणत्या बॅरिस्टरला द्यायची तेही तोच ठरवायचा. सॉलिसिटरांच्या पेढ्या ज्या समाजांच्या हातात होत्या, त्यांना आपल्या ओळखीतला, आपल्यात ऊठबस असलेला बॅरिस्टर हवा असे. महार बॅरिस्टरच्या हाती श्रीमंत अशिलाची ब्रीफ ठेवायला कोण पुढे येणार? त्याला काम देऊ नका, असा नियम कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता. तशी गरजच नव्हती.

म्हणून बाबासाहेबांच्या वाट्याला आली ती मुंबईबाहेरच्या न्यायालयांतली कामं आणि फी देण्याची ऐपत नसलेले अशील. बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत, कचेरी जवळच्या दामोदर हॉलमध्ये. घर चालावं म्हणून १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला माणूस हिशेबनिसांना करार-कायदा शिकवून घरभाडं भागवत होता. १९२८ मध्ये सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, १९३५ मध्ये ते तिथेच प्राचार्य झाले. त्यांच्या वकिलीच्या बहुतेक काळाला कुठल्या ना कुठल्या पगाराचा टेकू होता, ही गोष्ट नजरेआड करू नये.

या तुटपुंज्या वकिलीतही त्यांनी घेतलेली कामं पाहिली की चकित व्हायला होतं. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाने पुण्यात वादळ उठवलं होतं. टिळक आणि चिपळूणकरांवर त्यात जहाल टीका होती. अब्रुनुकसानीची फिर्याद झाली आणि १९२६ मध्ये खालच्या कोर्टाने जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा सुनावली. बाबासाहेबांनी पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील चालवलं आणि आरोपी सुटले. ब्राह्मणेतर चळवळीच्या पुढाऱ्यांना आपला वकील दलित समाजातून मिळाला, हे त्या काळात साधं नव्हतं. १९३४ मध्ये त्यांनी र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला होता. लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने उत्तर का देऊ नये, असा बचाव होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. अशा कामात पैसा नव्हता आणि सभ्य समाजात नाव तर मुळीच मिळणार नव्हतं.

पण सगळ्यांत मोठा खटला ते वकील म्हणून नाही, प्रतिवादी म्हणून लढले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. कागदावर सगळं मोकळं होतं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधकांनी कोर्टाची वाट धरली. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. तळं स्पृश्यांच्याच वहिवाटीचं आहे, आंबेडकर आणि त्यांच्या माणसांना तिथे जाण्यापासून रोखावं, अशी मागणी होती. दोन दिवसांत मनाई हुकूम निघाला.

२५ डिसेंबरला महाडात हजारो लोक जमले होते, तुरुंगात जायची तयारी करून आलेले. हुकूम मोडून तळ्यावर जायचं की नाही? बाबासाहेबांमधल्या वकिलाची ही खरी कसोटी होती. सत्याग्रह झाला असता तर टाळ्या त्याच क्षणी मिळाल्या असत्या. पण तंटा आता दिवाणी न्यायालयापुढे होता, समोर सरकार नव्हतं, आणि मनाई हुकूम मोडला तर दाव्यातली आपली बाजू कच्ची होणार हे त्यांना कळत होतं. मनुस्मृतीचं दहन झालं, मिरवणूक निघाली, तळ्यात उतरणं मात्र तहकूब ठेवलं. अनेकांना ते रुचलं नसणार. मला तो निर्णय त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत धाडसी निर्णयांपैकी एक वाटतो.

दावा जवळजवळ दहा वर्षं चालला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने वादींचा दावा फेटाळला. १९३३ मध्ये ठाण्याला अपीलही फेटाळलं गेलं. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला. मुद्दा होता वहिवाटीचा. एखादी रूढी कोर्टाने मान्य करायची तर ती अनादि काळापासून चालत आली आहे हे सिद्ध व्हावं लागतं. तळं नगरपालिकेचं होतं आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी तितकी प्राचीन आहे, हे वादींना दाखवता आलं नाही. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच ब्रूमफील्ड.

एकोणिसाव्या शतकातल्या मद्रासेकडे पाहिलं तर पगाराच्या टेकूची ही बाब दुसऱ्या बाजूने दिसते. टी. मुथुस्वामी अय्यर तंजावर भागातल्या गरीब घरातले. वडील लवकर गेले आणि पोरवयात गावच्या हिशेबनिसाच्या हाताखाली महिना एक रुपयावर राबावं लागलं. एका तहसीलदाराच्या नजरेत हुशारी भरली आणि त्याने त्यांना शिकायला मद्रासला पाठवलं. पुढे ते मद्रास हायकोर्टाचे पहिले भारतीय न्यायाधीश झाले, त्यांचा पुतळा आजही त्या इमारतीत आहे. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केल्याची त्यांची गोष्ट तमिळ घरांत मुलांना सांगतात. पण मधली पायरी त्या गोष्टीत येत नाही. ते मुन्सफ होते, डेप्युटी कलेक्टर होते, म्हणजे दर महिन्याला पगार घरी येत होता. ब्रीफची वाट पाहत बसण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. आणि अस्पृश्यता त्यांच्या वाट्याला नव्हती, हेही सांगायला हवं.

आता आजचं. शेतमजुराची मुलगी आज लॉ करू शकते. सीईटी देते, सवलतीत प्रवेश मिळवते, शिष्यवृत्ती उशिरा का होईना येते, वसतिगृह मिळालं तर पाच वर्षं निभतात. मग सनद. वकिलांच्या १९६१ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार नोंदणीचं शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात राज्योराज्यीच्या बार कौन्सिल निरनिराळ्या नावांखाली १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत घेत होत्या. कायद्याच्या दारातच कायदा मोडला जात होता आणि वर्षानुवर्षं कुणी हटकलं नाही. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मुद्रांक शुल्क सोडलं तर कलमात लिहिलं आहे त्याहून जास्त पैसे घेता येणार नाहीत. जास्तीचं शुल्क दुर्बल घटकांनाच जास्त जाचतं, हेही निकालात आहे. आधी भरलेले पैसे मात्र परत मिळणार नाहीत.

सनदेनंतर सिनिअर शोधायचा. सकाळी त्यांच्या ऑफिसात फायली लावायच्या, दिवसभर कोर्टात तारखा घ्यायच्या, संध्याकाळी पुन्हा ऑफिस. महिनाअखेरीला हातात काय? कुठे प्रवासखर्च, कुठे 'शिकायला मिळतंय ना?' एवढंच. ज्याच्या घरात वकिली आहे त्याला ही तीन-चार वर्षं काढता येतात. ज्याच्या घरी महिन्याला पैसे पाठवायचे आहेत तो बँकेत, विमा कंपनीत किंवा मिळेल त्या नोकरीत जातो आणि काळा कोट कपाटात राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मासिक मानधन द्यावं असं सुचवलं. ती सूचना आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टातल्या सिनिअरची स्वतःची कमाई किती असते ते पाहिलं तर नुसत्या परिपत्रकाने काही होणार नाही हेही कळतं.

त्यात २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. कोर्टात पाऊल न ठेवलेला माणूस न्यायाधीश होऊ नये, हे कारण रास्त आहे. पण पदवीनंतर थेट परीक्षा देऊन पगारावर लागण्याचा जो मार्ग गरीब मुलांना होता, त्यात आता बिनपगारी तीन वर्षं आली. अट ठेवायची तर त्या तीन वर्षांच्या मानधनाची सोयही सरकारने करायला हवी होती. एक वाट अजून आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे लोकअभिरक्षकांची कार्यालयं सुरू झाली आहेत, तिथे गरीब आरोपींच्या बचावासाठी वकील मानधनावर नेमतात आणि सहायक पदासाठी नवख्यांनाही अर्ज करता येतो. जागा थोड्या आहेत, पण आहेत.

तुमच्या ओळखीतली एखादी मुलगी यंदा लॉ पूर्ण करून सनदेच्या अर्जाला लागली असेल, तर तिला शुल्काचे हे दोन आकडे सांगा आणि जास्त मागितलं तर गौरव कुमार निकालाची प्रत पुढे करायला सांगा. आणि तुम्ही स्वतः वकील असाल, ऑफिसात एखादा ज्युनिअर फायली लावत बसलेला असेल, तर त्याचा पगार ठरवा आणि एक तारखेला द्या.