डंपरच्या पाठीवरचा नंबर

नागोया

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की इथल्या एखाद्या बांधकामाच्या फाटकासमोर ते हमखास थबकतात. आतून डंपर बाहेर येत असतो. चाकं धुतलेली, हौद्यावर ताडपत्री बांधलेली. फाटकाशी गणवेशातला एक वयस्क रखवालदार पादचाऱ्यांना वाकून थांबवतो, डंपरला वाट देतो आणि मग थांबलेल्यांची पुन्हा वाकून माफी मागतो. पाहुणे हे बघतात आणि म्हणतात, "यांच्या रक्तातच शिस्त आहे."

हे वाक्य आता मला सहन होत नाही. ते खरं नाही, आणि शिवाय फार सोयीचं आहे. शिस्त रक्तातच असायची असेल तर आपल्याला हात-पाय हलवण्याचं कारणच उरत नाही.

नागोयाच्या पूर्वेला, आज टोयोटा शहरात मोडणारा सानागे नावाचा भाग आहे. १५ डिसेंबर १९६६ रोजी तिथे एक डंपर बालवाडीच्या मुलांच्या रांगेत घुसला. दहा मुलं आणि त्यांच्या एक बाई, असे अकरा जीव गेले. त्या काळचा जपान आपल्या डोळ्यांसमोरच्या जपानसारखा नव्हता. ऑलिंपिक नुकतंच होऊन गेलं होतं, महामार्ग, धरणं, कारखाने एकदम उभे राहत होते आणि वाळू-खडी वाहणारे डंपर खेपांच्या मागे धावत होते. इथली वर्तमानपत्रं रस्त्यांवरच्या मृत्यूंना 'वाहतूक युद्ध' म्हणत. १९७० या एका वर्षात जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. कामाच्या जागी मरणाऱ्या कामगारांचा आकडा १९६१ मध्ये ६,७१२ होता. माणसं हीच होती, रक्तही हेच होतं.

सानागेनंतर पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, इथल्या संसदेने फक्त माती, वाळू आणि खडी वाहणाऱ्या मोठ्या गाड्यांसाठी एक वेगळा कायदा केला. म्हणून आज इथल्या प्रत्येक मोठ्या डंपरच्या हौद्यावर, दोन्ही कुशींवर आणि पाठीवर, लांबूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत तीन गोष्टी रंगवलेल्या असतात: गाडी कुठली, मालकाचा धंदा कोणता आणि नोंदणीचा क्रमांक. धंदा एका गोलात एकाच अक्षराने लिहितात. भाड्याने माल वाहणाऱ्याचं अक्षर वेगळं, बांधकामवाल्याचं वेगळं, खडी फोडणाऱ्याचं वेगळं. नंबर प्लेटवर चिखल बसला तरी हा नंबर दिसतो. बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या आजीलाही तो वाचता येतो, आणि गाडी वेडीवाकडी गेली तर ती फोन करते.

त्याच कायद्याने डंपरवर वजनाचा काटा बसवणं सक्तीचं केलं. माल भरताना किती टन झाले ते गाडीच सांगते. 'मला कळलं नाही' म्हणायची सोय उरली नाही. पुढे १९९४ पासून इथल्या वाहतूक कायद्याने आणखी एक दोरी आवळली. जादा माल भरायला लावणारा, म्हणजे ज्याचा माल आहे तो, तोही पोलिसांच्या कचाट्यात येऊ लागला.

हे सगळं वाचत असतानाच मला पुण्याची वाघोली आठवली. डिसेंबर २०२४, केसनंद फाटा. कामासाठी अमरावतीकडून आलेली माणसं रात्री पदपथावर झोपली होती आणि डंपर त्यांच्या अंगावरून गेला. तिघे गेले, त्यांत दोन तान्ही मुलं होती. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याला अटक झाली. मी इथून रोज बातम्या वाचत होतो. डंपरच्या मालकाला कुणी काय विचारतं, ती खेप कुणाची होती, गाडी रस्त्यावर निघण्याआधी चालकाचा श्वास कुणी तपासला होता का, हे शोधत होतो. चालकाचं नाव मात्र सगळीकडे होतं.

इथे मालवाहतुकीच्या धंद्यातल्या चालकाला गाडी बाहेर काढण्यापूर्वी श्वासाच्या यंत्रात फुंकावं लागतं, २०११ पासून. स्वतःच्याच कंपनीचा माल वाहणाऱ्यांनाही आता हाच नियम आहे. चालकावर कुणाचा अविश्वास आहे, असा त्याचा अर्थ इथे कुणी काढत नाही. तपासण्याची जबाबदारी मालकाची, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी इमारत पाडून नवी उभी राहत होती. काम सुरू होण्याआधी कंपनीचे दोघे दारोदार आले. हातात एक टॉवेल आणि एक कागद. काम किती महिने चालेल, डंपर कोणत्या रस्त्याने येतील, शाळा भरताना आणि सुटताना ते येणार नाहीत, आणि तक्रार असेल तर कुणाला फोन करायचा, हे सगळं त्या कागदावर होतं. कोथरूडला आमच्या इमारतीच्या शेजारी खोदकाम सुरू झालं तेव्हा आम्हाला ते कळलं रात्री दीड वाजता, भिंती हादरल्यावर.

आतलं काम कसं चालतं ते मला सांगलीच्या एका मुलाने दाखवलं. तो स्थापत्य अभियंता आहे आणि बोगद्यातून निघणारी माती टाकण्याच्या जागेवर नोकरी करतो. सकाळी आठला सगळे अंगणात उभे राहतात, रेडिओवरच्या कवायतीने अंग मोकळं करतात आणि मग दिवसाची आखणी ऐकतात. डंपर कुठून शिरणार, कुठे वळणार, पायी माणसांची वाट कोणती, हे फळ्यावर काढलेलं असतं. होता होईल तो वाट अशी आखतात की डंपर गोल फिरून पुढच्या तोंडानेच बाहेर पडेल, कारण गाडी मागे घेताना माणसं मरतात. भरलेल्या डंपरच्या मागे उभा असलेला माणूस चालकाला आरशात दिसतोच असं नाही. म्हणून मागे घ्यायचं असेल तर शिट्टी आणि झेंडी घेतलेला माणूस हवाच. त्याने चालकाच्या आरशात दिसेल अशाच जागी उभं राहायचं, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की चालकाने ब्रेक दाबायचा. चौकशी नंतर.

हौदा उचलण्याचे नियम तर मला तोंडपाठ झाले आहेत, इतक्या वेळा त्याने ते सांगितले. जमीन सपाट हवी. एका बाजूची चाकं मऊ भरावात रुतलेली असताना हौदा वर गेला तर गाडी त्या बाजूला कलते आणि काही क्षणांत आडवी होते. वर विजेच्या तारा आहेत का ते खाली उतरून बघायचं. भरावाच्या कडेला चाक थांबवणारा ओंडका किंवा मातीचा बांध हवा, कारण कडा वरून पक्की दिसली तरी आतून पोकळ असू शकते. ओली चिकणमाती हौद्याच्या एकाच कोपऱ्यात चिकटून राहिली तर हौदा आणखी उचलायचा नाही, खाली घ्यायचा. हौदा पूर्ण खाली टेकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि उचललेल्या हौद्याखाली दुरुस्तीसाठी शिरायचं असेल तर आधी लोखंडी टेकू लावायचा. हा शेवटचा नियम इथल्या कायद्यातच लिहिलेला आहे, कारण जॅकमधलं तेल कधी दगा देईल ते कुणालाच सांगता येत नाही.

हाच मुलगा पहिल्या महिन्यात नकाशा बघत बघत उभ्या डंपरच्या मागून चालत गेला होता. काम थांबलं. मुकादमाने आवाज चढवला नाही. त्याने सगळ्यांना तिथेच बोलावलं आणि काय झालं असतं ते जमिनीवर काठीने काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फळ्यावर ती घटना लिहिलेली होती, नाव न घेता. थोडक्यात टळलेल्या अशा प्रत्येक प्रसंगाची इथे नोंद ठेवतात, कारण टळलेला अपघात हीच पुढच्या अपघाताची आगाऊ सूचना असते. आमच्याकडे पहिल्या नोकरीत त्याने काय पाहिलं होतं? सतरा-अठराचा क्लीनर डंपरच्या मागे उभा राहून हाताने हौदा बडवतोय आणि ओरडतोय, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं आणि पायात चप्पल होती. त्या पोराचं धाडस आणि अंदाज दोन्ही अफाट होते, असं तो सांगतो. अशा पोराच्या अंदाजावर आपण आपले महामार्ग बांधतो, याचा मला संताप येतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामावर, सिंदखेडराजाजवळ, लोखंडी सळ्या घेऊन जाणारी गाडी उलटली. सळ्यांवर मजूर बसले होते. त्यातले तेरा जण मेले. हौद्यात माणूस बसवायचा नाही, हा नियम आपल्याकडे कुणाला माहीत नाही? पण साइटवरून वस्तीवर परत जायला दुसरी गाडीच नसेल, तर मजूर हौद्यात बसणार. इथे माणसांची ने-आण करायला वेगळी गाडी असते आणि तिचा खर्च कामाच्या किमतीत धरलेला असतो.

इथूनच मूळ प्रश्न सुरू होतो आणि तो माझ्या मामांनी एका वाक्यात सांगितला. मामांचे दोन हायवा डंपर मोशीच्या खाणींवरून खडी आणि क्रश सँड वाहतात. मी त्यांना इथल्या डंपरचा फोटो पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. "अरे, नंबर रंगवायला काय लागतं? उद्या सकाळी रंगवतो. मला एवढंच सांग, तिकडं खेपेला किती मिळतं?"

मी म्हटलं, "मामा, इथे बरेचदा गाडी आणि चालक दिवसाच्या दराने लावतात."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग बरोबर आहे. इथं पोरगा जेवायला थांबला की त्याची एक खेप जाते. ब्रासवर पैसे, खेपेवर पैसे. मी त्याला सावकाश जा म्हटलं, तर तो संध्याकाळी दुसऱ्याच्या गाडीवर जाईल."

सगळीच वाहतूक इथे दिवसाच्या दराने चालते असं नाही, खेपेवरची कामंही आहेत. पण मामांनी जे ओळखलं ते इथल्या लोकांनी खूप आधी, पन्नासच्या दशकाच्या शेवटी, टॅक्सींच्या बाबतीत ओळखलं होतं. ठरलेला गल्ला आणि कमिशन गाठण्यासाठी टॅक्सीवाले तेव्हा इतके बेफाम पळत, की त्यांना 'कामिकाझे टॅक्सी' म्हणत. पगाराची रीत बदलल्याशिवाय वेग कमी होणार नाही, हे तेव्हाच उघड झालं. आपण मात्र अजून चालकांसाठी प्रबोधन शिबिरं भरवतो, डोळे तपासतो आणि गुलाबाचं फूल देतो. डोळे तपासणं चांगलंच आहे. पण त्या चालकाला दिवसभरात किती खेपा माराव्या लागतात, हे त्या शिबिरात कुणी विचारत नाही.

आपला कायदाही दुबळा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, आणि कलमाच्या शब्दांत गाडी चालवायला लावणाराही येतो. पण रस्त्यावर हात दाखवून थांबवला जातो तो चालक. खाणीवर हौदा शिगोशीग भरणारा आणि साइटवर तो उतरवून घेणारा, हे दोघे कागदावर राहतात. जपानने केलं ते एवढंच, की या दोघांनाही ओढून रस्त्यावर आणलं.

इथे सगळं छान आहे असं कुणी समजू नये. जुलै २०२१ मध्ये आतामी इथे डोंगरउतारावर बेकायदा टाकलेली माती पावसात खाली आली आणि २८ जण मरण पावले. ती मातीही डंपरनेच तिथे गेली होती. त्यानंतर माती कुठे टाकायची याचा कडक कायदा आला, पुन्हा माणसं मेल्यावरच. ठेक्याखाली ठेका, त्याखाली आणखी ठेका, ही इथलीही जुनी व्यथा आहे. आणि फाटकाशी वाकणारा तो रखवालदार पुष्कळदा सत्तरीच्या पुढचा असतो आणि ऑगस्टच्या उन्हात दिवसभर उभा असतो, हे मला बघवत नाही. तरीही आकडा आकडाच असतो. २०२३ मध्ये जपानभर कामाच्या जागी ७५५ कामगार मरण पावले, त्यात बांधकामावरचे २२३. रस्त्यांवर २,६७८. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. लोकसंख्येचा भागाकार करूनही ही तफावत भरून निघत नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. त्यासाठी आपण जपानकडून तंत्रज्ञान घेतलं, कर्ज घेतलं. त्या बोगद्याची माती ज्या डंपरमधून जाते त्यांच्याबद्दलचा जपानचा अनुभव घ्यायला एक पैसाही लागत नाही. मोठ्या सरकारी कामांच्या निविदेत चार अटी घाला. मातीवाहतूक दिवसाच्या दराने. प्रत्येक गाडीवर वजनाचा काटा आणि हौद्यावर ठळक नंबर. गाडी मागे घेताना वाट दाखवणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचा पगार वेगळ्या रकान्यात. मजुरांना नेण्या-आणण्यासाठी वेगळी गाडी. हा खर्च कंत्राटदाराच्या माथी मारून चालणार नाही, तो कामाच्या किमतीत दिसला पाहिजे, म्हणजे सर्वांत कमी बोली लावणारा तो गिळू शकणार नाही.

मामा तयार आहेत. "दिवसाचा दर द्या," ते म्हणतात, "माझी गाडी बैलगाडीच्या मागून जाईल." त्यांच्यासारखे हजारो गाडीमालक महाराष्ट्रात आहेत आणि त्यांना आपला चालक तुरुंगात बघायची हौस नाही. पुढची निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने तो दर लिहावा, आणि घर, रस्ता, मेट्रो वापरणाऱ्या आपण सगळ्यांनी तो द्यायची तयारी ठेवावी.