हापूस, भेक आणि सड्यावरची पाल

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या बागांत हापूस, पायरी आणि रायवळ शेजारी शेजारी उभे असतात. चव वेगळी, भाव तर फारच वेगळा, म्हणून या वेगळ्या प्रजाती असाव्यात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मोहोरावरच्या माश्या एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि त्या बाठीतून उगवलेलं झाडही फळतं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये दिलेला 'रत्ना' हाही वाणच. असं मिसळणं सहज चालू आहे तोवर प्रजाती एकच.

दुसरा गैरसमज जास्त घट्ट रुतलेला आहे: कुठल्यातरी मादीच्या पोटी एके दिवशी वेगळंच पिल्लू जन्मतं आणि नवी प्रजाती सुरू होते. प्राण्यांत सहसा असं घडत नाही. बदलते ती सबंध वस्ती. मधे दरी, नदी किंवा न मानवणारं रान आलं की वस्ती दुभंगते. दोन्हीकडे पिढ्यानपिढ्या बारीक फरक साठत जातात. काही तिथे उपयोगी पडतात म्हणून टिकतात, काही निव्वळ योगायोगाने. पुढे गाठ पडली तरी जोडी जमत नाही, किंवा संतती वांझ निघते.

याचं उदाहरण सह्याद्रीतच आहे. कोयनेचा भेक आणि आंबोलीचा भेक यांच्या वंशात जगभरात हे दोघेच. पूर्वज एक, पण आज दोघांमध्ये दीडशेच्या आसपास किलोमीटरचा सह्याद्री आहे. आंबोलीच्या भेकाचं शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं. 'नवी प्रजाती सापडली' ही बातमी वाचून ती नुकतीच जन्मली असं समजू नये. नवं असतं ते नाव; भेक तिथे कितीतरी आधीपासून होता.

नवी प्रजाती व्हायला दरवेळी लाखो वर्षं लागतात असंही नाही. वनस्पतींत दोन प्रजातींचा संकर होऊन गुणसूत्रं दुप्पट झाली की चटकन नवी प्रजाती उभी राहते. आपल्या पोळीचा गहू असाच, शेती सुरू झाल्यानंतर आला.

आणि हे सगळं दूर कुठेतरी घडतं हा समज तर सोडूनच द्यावा. अशी वेगळी प्रजाती आपल्या दारातही आहे: कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे कातळपठारांवरची, एक छोटी पाल, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅशिएटस, १९६३ मध्ये रत्नागिरीजवळच्या डोर्ल्यातून शास्त्राला माहीत झाली. ती घरच्या पालीसारखी भिंतीवर राहत नाही. कातळावरच्या सुट्या दगडाखाली दडते. दगड गडग्याला गेले, सडा चिरेखाणीला गेला, की तिला दुसरा आसरा नाही. सड्याला पडीक म्हणू नका. साफ करायला घेण्याआधी दगड उलटून पाहा, आणि पाल दिसली तर तेवढा तुकडा राखा.