फुगलेली डोकी

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील ज्या भुसार पेढीच्या ताळेबंदात मी अधूनमधून डोके घालीत असे, तेथील पेंटियम-४ संगणक, विंडोज एक्सपीवर वर्षानुवर्षे रोजकीर्द आणि खतावणी इमानाने सांभाळल्यानंतर, हिवाळा लागताच सकाळी रुसून बसू लागला. बटण पाच-सहा वेळा दाबावे, पंखा फिरून थांबावा, आणि एकदाचा तो सुरू झाला की दिवसभर मुकाट्याने काम करावे, असा शिरस्ता पडला होता. एका सोमवारी त्याने तोही मोडला.

नवा घ्या, असे सांगणे सोपे. परंतु तीन प्रतींच्या कार्बन पावत्या ठोकणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्या पॅरलल पोर्टाला जोडलेला होता, तो पोर्ट नव्या यंत्रांतून बहुधा बरखास्तच झालेला.

तपकीर गल्लीतून आलेल्या कारागिराने प्रथम हार्ड डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली व सारा हिशेब उतरवून घेतला. त्यानंतरच पॉवर सप्लायचे बारा, पाच आणि ३.३ व्होल्ट मोजले, ते ठीक भरले. आणि मग बॅटरीचा झोत मदरबोर्डावर तिरपा पाडून तो पेढीच्या दिवाणजींना म्हणाला, ‘‘दिवाणजी, हे बघा.’’ प्रोसेसरशेजारच्या कॅपॅसिटरांच्या रांगेत तिघांची सपाट डोकी घुमटासारखी फुगली होती आणि चौथ्यावर तपकिरी खपली धरली होती.

डोक्यावर मुद्दाम कोरलेली फुली असते, ती आत वायू कोंडला असता स्फोट न होता पत्रा तेथेच उकलावा म्हणून. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या अनेक कॅपॅसिटरांतील द्रवात पाणी होते, पण त्या पाण्यापासून ॲल्युमिनियमला जपणारे द्रव्य पुरेसे नव्हते. त्यातून हायड्रोजन सुटे. असा अर्धमेला कॅपॅसिटर थंड असताना त्याचा अंतर्गत रोध वाढतो, हे कळल्यावर सकाळच्या रुसव्याची हकीकत मला एकदम उलगडली. अंगावर १५०० मायक्रोफॅरड छापलेला हा गडी मीटरवर तीनशेही भरेना!

काढण्याचे काम मात्र नाजूक. बोर्डाच्या थरांतील तांबे उष्णता शोषून घेते. म्हणून जुने कथील वितळावे यासाठी त्याने आधी नवे कथील ओतले, जे मला उफराटे वाटले, आणि दोन्ही पायांना आळीपाळीने डाग देत कॅपॅसिटर डोलवीत डोलवीत उपसला. हिसका दिला असता तर भोकाचे तांब्याचे अस्तरच उपटून आले असते. बुजलेली भोके त्याने शिवणाच्या पोलादी सुईने मोकळी केली, कारण तिला कथील चिकटत नाही. चारही नवे, १०५ अंशांचे, ऋण बाजूचा पट्टा जुन्याच्याच दिशेला ठेवून बसवले. ती दिशा त्याने आधीच कागदावर टिपून ठेवली होती, कारण बोर्डावरची खूण सगळ्या कंपन्या एकाच रीतीने करीत नाहीत.

पहिल्याच बटणाला यंत्र सुरू झाले, पण नाण्याएवढी बॅटरीही संपलेली असल्याने पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००२. दिवाणजींनी कारागिराला थांबवून आधी ती दुरुस्त करवली, नवी बॅटरी बसवून घेतली, आणि मग त्याचीच मजुरी ‘किरकोळ दुरुस्ती’ खात्यावर टाकून पावती छापली. तिसरी प्रत नेहमीप्रमाणे पुसट आली.