अंधारात किती उजेड पुरेसा?

वेल्ह्याच्या खोऱ्यात पावसाळा सुरू झाला की विजेचा भरवसा राहत नाही. तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. तारेवर झाड पडले की वस्ती अंधारात. गोठ्यात जायचे असो की शेताच्या बांधावर, हातात ‘बॅटरी’ हवीच. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, दुकानात टॉर्च. खेड्यात मात्र ती बॅटरी, आणि तिच्यात घालायचे ते सेल.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतले निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. मण्यार रात्रीच हिंडते, घोणसही बहुधा रात्रीच. चालताना होणारा दंश बहुतेक वेळा पायाला होतो. म्हणजे पायापुढची दोन-तीन मीटर जमीन दिसणे हे जिवाशी निगडित आहे.

मग चांगली बॅटरी कोणती? ‘जास्त प्रखर ती’, असे बहुतेक जण सांगतील. आम्हाला वाटते, रोजच्या चालण्यासाठी उत्तर उलटे आहे: मंद, दणकट आणि पुष्कळ दिवस चालणारी. असे का, ते पाहू.

डोळ्याचा हिशेब

एखाद्या जागेवर किती प्रकाश पडतो हे ‘लक्स’मध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. चार लाख पटींचा फरक! तरीही चांदण्यात पायवाट दिसते.

याचे एक कारण असे की प्रकाश वाढतो त्या प्रमाणात तो आपल्याला वाढल्यासारखा वाटत नाही. ढोबळमानाने, प्रकाश आठपट केला तर तो दुप्पट भासतो. दुसरे कारण दृष्टिपटलातल्या दंडाकार पेशी. मंद प्रकाशात पाहण्याचे काम त्या करतात. त्यांच्यातले ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य प्रकाशाने विघटित होते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. त्यामुळे डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. प्रखर झोत टाकला की हा सराव मोडतो. झोताच्या वर्तुळात लख्ख दिसते, पण कडेचे सारे अधिकच काळे होते. धुके आणि पाऊस असेल तर थेंबांवरून उलटलेला प्रकाश डोळ्यांत येतो आणि पुढे पांढरा पडदा उभा राहतो.

कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर होता. त्याचा उजेड आजच्या बॅटऱ्यांच्या मानाने फिका, तरी त्यावर रात्रीची कामे होत.

सेलचा हिशेब

दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ‘ल्युमेन’मध्ये मोजतात. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की झाला एक लक्स. समजा, ५ ल्युमेन प्रकाश ४ चौरस मीटर जमिनीवर पसरला. म्हणजे सव्वा लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याच्या पाचपट!

पांढरा एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे ५ ल्युमेनला ०.०५ वॅट पुरते. डबल-ए मापाच्या दोन अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये मिळून सुमारे ६ वॅट-तास ऊर्जा असते. भागाकार केला तर १२० तास. काही ऊर्जा मंडलात वाया जाते, म्हणून १०० धरू. रोज तीन तास वापरली तरी महिना निघतो.

आता २०० ल्युमेनची बॅटरी घ्या. तिला २ वॅट लागतात. म्हणजे कागदावर फक्त तीन तास. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. कारण विद्युतधारा वाढली की सेलच्या अंतर्गत रोधात जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते आणि आतली रासायनिक क्रिया मागणीला पुरी पडत नाही. तोच सेल हळू वापरला तर एकूण ऊर्जा जास्त देतो.

प्रखर झोताचा उपयोग नाही असे नाही. दुप्पट लांबचे तितकेच उजळ दिसायला चौपट प्रकाश लागतो. तेव्हा दूरवर शोध घ्यायचा तर तो हवाच. म्हणून मंद आणि प्रखर अशा दोन पायऱ्यांची बॅटरी उत्तम.

दणकटपणा

बॅटरी बिघडते ती बहुधा बटणापाशी किंवा जोडांवर. समजा, गंजामुळे १ ओहम रोध वाढला. जुन्या बल्बला ०.३ अँपिअर धारा लागे, म्हणजे ३ व्होल्टमधले ०.३ व्होल्ट तिथेच जात. दाब १० टक्के घटला की बल्बचा प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. २० मिलीअँपिअरवर चालणाऱ्या एलईडीच्या बाबतीत मात्र हीच घट फक्त ०.०२ व्होल्ट. कमी धारेची बॅटरी गंजही सोसते!

साध्या सेलचे जस्ताचे भांडे हाच त्याचा ऋण ध्रुव. वापराबरोबर जस्त झिजते, भोक पडते आणि आतले द्रव्य गळते. म्हणून बॅटरी बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर सेल काढून ठेवावेत. झाकणाच्या आट्यांशी रबरी कडे असले तर पावसाचे पाणी आत जात नाही.

वर्गात करून पाहा

१. तीन सेल (४.५ व्होल्ट), ८२ ओहमचा रोध आणि पांढरा एलईडी एकसर जोडा. दुसऱ्या मंडलात ८२ ऐवजी ६८० ओहम वापरा. पहिल्यात साधारण १८, तर दुसऱ्यात अडीच मिलीअँपिअर धारा वाहील. धारा सातपट कमी; उजेड किती कमी वाटतो ते मुलांना विचारा. बहुतेकांचे उत्तर ‘निम्मा’च्या आसपास येईल. डबल-ए अल्कलाइन सेल असतील तर दुसरा दिवा हळूहळू मंदावत का होईना, महिनाभर अहोरात्र जळेल.

२. अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटे बसा. मग एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने बॅटरीचा झोत पडलेला पांढरा कागद मिनिटभर पाहा. बॅटरी विझवून दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने खोली पाहा. झाकलेल्या डोळ्याला पुष्कळ जास्त दिसेल.

३. जमिनीवर खडे पसरा. बॅटरी आधी डोळ्यांपाशी आणि मग गुडघ्याजवळ धरून पाहा. खालून तिरपा प्रकाश पडला की खड्यांच्या सावल्या लांबतात आणि उंचसखलपणा स्पष्ट होतो. वाटेवरचे वेटोळेही असेच उठून दिसते.

मोबाइलच्या दिव्याचे काय, असे मुले विचारतील. तो असू द्यावा, पण रात्रभर त्याच्यावर विसंबू नये. संकटात १०८ क्रमांकावर फोन लावायला मोबाइलमध्ये चार्ज शिल्लक हवा. पायात बूट, हातात काठी आणि गुडघ्याजवळ धरलेला मंद उजेड: पावसाळ्यातल्या पायवाटेला एवढी तयारी असावी.