साडेपाच तासच का?

लॅपटॉपवर विंडोज होतंच, शेजारी उबुंटूही टाकलं. लॅपटॉप चालू केला की यादी येते, त्यातली हवी ती प्रणाली निवडायची. याला ड्युअल बूट म्हणतात. दोन्ही प्रणाली गुण्यागोविंदानं नांदत असतात आणि एक दिवस घड्याळ बिघडतं. रात्री आठ वाजता उबुंटूतलं काम आटोपून विंडोज सुरू करावं, तर कोपऱ्यात दुपारचे अडीच वाजलेले. ती वेळ दुरुस्त करून पुन्हा उबुंटूत जावं, तर तिथे मध्यरात्र उलटून दीड, आणि तारीख उद्याची.

पहिला संशय जातो सेलवर. आतल्या घड्याळाचा सेल संपला की वेळ चुकते, हे बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. ते खरंही आहे, पण सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाऊन पडते. इथे चूक दर वेळी साडेपाच तासांचीच, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. चूक इतकी नेमकी असली की तिच्यामागे कुणीतरी हिशेब करतंय, असं खुशाल समजावं. हा हिशेब उलगडत गेलो की आपण थेट उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला पोचतो. संगणकाच्या दुरुस्तीत यापेक्षा सुंदर कोडं मला तरी माहीत नाही.

आधी ते घड्याळ पाहू. लॅपटॉप बंद असतानाही वेळ मोजत राहणाऱ्या या भागाला रिअल टाइम क्लॉक म्हणतात, लघुरूप आरटीसी. त्याला ताल देतो क्वार्ट्‌झचा एक स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण त्याला पंधरा वेळा निम्मं करून पाहा, बरोबर १ उरतो. निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटला सगळ्यात सोपं काम. पंधरा पायऱ्या उतरल्या की सेकंदाला नेमका एक ठोका हाती येतो. मनगटी क्वार्ट्‌झ घड्याळातही हाच आकडा असतो.

१९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत असं सेलवर चालणारं घड्याळ नव्हतं. मशीन चालू केलं की डॉस ही तेव्हाची प्रणाली आधी तारीख विचारायची, मग वेळ. माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आकडे टाइप करायचा. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप आली आणि दररोजची ती विचारपूस थांबली. या चिपमध्ये स्मृतीचे एकूण ६४ बाइट, त्यातले १४ घड्याळासाठी आणि त्याच्या नियंत्रणासाठी. सेकंद, मिनिटं, तास, वार, तारीख, महिना, वर्ष असे एकेक बाइटाचे रकाने. वर्षाला तर दोनच अंक. आणि ही वेळ जगातल्या कोणत्या जागेची आहे, हे लिहायला रकानाच नाही. आज ती चिप वेगळी उरलेली नाही, पण पीसीचं घड्याळ अजूनही त्याच मांडणीत बोलतं. आपल्या कोड्याचं मूळ त्या न ठेवलेल्या रकान्यात आहे.

कारण त्या आकड्यांचा अर्थ दोन घराण्यांनी दोन तऱ्हेनं लावला. डॉसच्या वंशातलं विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ असते असं धरून चालतं, जशी ती पूर्वी माणूस टाइप करायचा. युनिक्सची परंपरा वेगळी. तिथे १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत मोजतात आणि माणसाला दाखवताना त्या त्या गावची वेळ काढून देतात. उबुंटू ज्याचं एक रूप आहे त्या लिनक्सनं हीच रीत उचलली, त्यामुळे आरटीसीतही ते यूटीसीच ठेवतं.

आता त्या रात्रीकडे जाऊ. भारतात आठ वाजलेत. इंटरनेटवरून वेळ जुळलेली असली की लिनक्सचा गाभा साधारण दर अकरा मिनिटांनी ती आरटीसीत उतरवतो. तो तिथे यूटीसी लिहितो, १४:३०. विंडोज उठतं, १४:३० वाचतं आणि दुपारचे अडीच वाजलेत असं सांगतं. आपण वेळ सुधारली की ते आरटीसीत २०:०० लिहितं. मग लिनक्स उठतं, २०:०० ही यूटीसी समजतं, तिच्यात साडेपाच तास मिळवतं आणि रात्रीचा दीड दाखवतं. एकाच वहीत दोन कारकुनांनी आकडे मांडावेत, एकानं रुपयांत आणि दुसऱ्यानं पैशांत, आणि वहीत एकक लिहायला जागाच नसावी, तसा हा प्रकार. हिशेब दोघांचेही चोख आहेत.

आणि साडेपाच का, तर १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर बांधली गेली. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. साडेब्याऐंशी भागिले पंधरा, साडेपाच. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, आणि प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईनं ती कित्येक दशकं सोडली नाही. ती आजही चालू असती, तर दादरमधल्या लॅपटॉपचं घड्याळ ४ तास ५१ मिनिटांनी चुकलं असतं!

म्हणजे चुकीच्या आकारावरून लॅपटॉप पृथ्वीवर कुठे आहे ते ओळखता येतं. काठमांडूत हीच चूक पावणेसहा तासांची होते. न्यू जर्सीतल्या मराठी घरात विंडोज मागे न राहता पुढे पळतं, हिवाळ्यात पाच तास आणि उन्हाळ्यात चार. सगळ्यात मजेशीर गोष्ट लंडनची. तिथे हिवाळ्यात स्थानिक वेळ आणि यूटीसी एकच, त्यामुळे महिनोन्‌महिने काहीच बिघडत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि दोष जागा होतो.

घड्याळ चुकलं तर चुकलं, असं म्हणून भागत नाही. वेळेवर बेतलेले सांकेतिक आकडे देणारं ॲप त्याच लॅपटॉपवर असेल, तर त्याचे आकडे नाकारले जातात, कारण ते सहसा तीस सेकंदांच्या हिशेबानं बदलतात. ऑफिसच्या नेटवर्कवर लॉगिन करताना ओळख पटवणारी कर्बेरॉस नावाची पद्धत ठरलेल्या मापानं पाच मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही. पुढे गेलेल्या घड्याळात जतन केलेल्या फायलींवर भविष्यातली वेळ पडते, आणि प्रोग्रॅम बांधणारं मेक हे साधन घड्याळात तफावत असल्याचा इशारा देऊ लागतं.

उपाय दोन आहेत. पहिला लिनक्सला वळवण्याचा. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आदेशानं आरटीसी स्थानिक वेळेवर ठेवायला सांगता येतं. सोपं आहे, पण तो आदेशच बजावतो की या रीतीला पूर्ण आधार देता येत नाही. जिथे उन्हाळी वेळ पाळतात, तिथे दोन्ही प्रणाली आपापल्या परीनं तास सरकवून नवा घोळ घालू शकतात. दुसरा उपाय विंडोजला यूटीसी शिकवण्याचा. रजिस्ट्री या विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत एचकी लोकल मशीनखाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल आणि टाइमझोनइन्फर्मेशन असं उतरत जायचं, तिथे रिअलटाइमइजयुनिव्हर्सल या नावाची, मध्ये जागा न सोडता, डीवर्ड नोंद करायची आणि तिची किंमत १ ठेवायची. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवावी, हे सांगायलाच हवं. भारतात दोन्ही उपाय चालतील, पण माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे. घड्याळात यूटीसी असली की लॅपटॉप पुण्याहून टोरांटोला नेला तरी आतला आकडा बदलावा लागत नाही.

नव्या लॅपटॉपांतल्या यूईएफआय या व्यवस्थेनं तो राहिलेला रकाना दिला आहे. वेळेबरोबर टाइम झोनही मिनिटांत लिहिता येतो. पण तिथे २०४७ हा आकडा ठेवला तर त्याचा अर्थ ‘सांगितलेलं नाही’ असा धरायचा, अशीही सोय ठेवली आहे. त्यामुळे रकाना असून तो भरलेला असेलच याची हमी नाही.

तुमच्याकडे ड्युअल बूट असेल तर उबुंटूत टर्मिनल उघडा, टाइम, डेट आणि सीटीएल ही इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. आरटीसी टाइमच्या ओळीत तुमच्या मनगटावरच्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागची वेळ दिसली, तर आतलं घड्याळ यूटीसीवर आहे आणि अगदी बरोबर चाललंय. सेल बदलू नका.