बॅटरीचा बारीक उजेड

ऑगस्ट 2023 मधील गोष्ट. रात्री अडीचच्या सुमारास आमची आई संडासला जाण्यासाठी उठली आणि दाराजवळच्या कळशीला पाय लागून पडली. डावे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला एकच प्रश्न विचारी, "आई, दिवा का नाही लावला?" आणि ती प्रत्येकाला एकच उत्तर देई, "सगळ्यांची झोपमोड कशाला?"

आमची खोली 160 चौरस फुटांची. बीडीडी चाळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे माप समजावून सांगावे लागत नाही. धाकटा भाऊ सिक्युरिटीत आहे, रात्री एकला घरी येतो. माझी मुलगी तेव्हा बारावीला, पहाटे चारला उठणारी. पुतण्या अकरा महिन्यांचा, त्याला निजवण्यात भावजयीचे दोन तास जात. अशा खोलीत रात्री अडीचला ट्यूब लावणे म्हणजे सहा माणसांना उठवणे. म्हणून सत्तरीची म्हातारी अंधारात चाचपडत निघाली.

घरात बॅटरी नव्हती असे नाही. चार्जिंगची मोठी बॅटरी खुंटीला टांगलेलीच होती. परंतु तिचा झोत समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पोहोचतो. ती खोलीत लावली की मोटारीचा दिवा तोंडावर आल्यासारखे होते. भावाच्या फोनचा टॉर्चही तसाच. मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे गोष्ट सरळ मांडतो. आई पडली ती उजेड नव्हता म्हणून नव्हे. जो उजेड होता तो इतका जास्त होता की तिने तो वापरलाच नाही.

आपल्या आजी-आजोबांना हे ठाऊक होते. कंदिलाला वात वर-खाली करण्याची चावी असे. जेवणे झाली की वात बारीक करून कंदील कोपऱ्यात ठेवायचा. रात्री कोणी आजारी पडले, गुरे हंबरली, की हात पुढे करून वात मोठी करायची. पुढे वीज आली तेव्हा झिरोचा बल्ब आला. नावाला झिरो, पण जुना तारेचा झिरो बल्ब 12 ते 15 वॅट खात असे. रोज आठ तास धरले तर 15 वॅटचा बल्ब महिन्याला 3.6 युनिट जाळी. आजचा अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात 0.12 युनिट घेतो. हा दिवा घरात जरूर असावा. मात्र तो भिंतीला चिकटलेला. पॅसेजमधला बल्ब उडालेला असताना तो संडासापर्यंत सोबत येत नाही आणि वीज गेली की तोही गेला.

कंदिलाची ती चावी जुन्या बॅटरीला कधीच नव्हती. आमचे वडील गोदीत होते. त्यांच्याकडे दोन मोठ्या सेलची चकचकीत पत्र्याची बॅटरी होती. बटण पुढे सरकवले की लागली, मागे ओढले की विझली. मधले काही नाही. त्यालाही कारण आहे. तारेच्या बल्बला वीज कमी दिली की तार लालसर पडते. उजेड झपाट्याने उतरतो, पण सेल त्या प्रमाणात वाचत नाही. एलईडीचे तसे नाही. तिला अगदी थोडा करंट दिला तरी ती त्या मानाने चांगला उजेड देते. पांढरी एलईडी शक्य झाली ती निळ्या एलईडीमुळे. त्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यामुळे आता खिशात मावणाऱ्या बॅटरीतही तीन-चार पायऱ्यांचा उजेड मिळतो आणि काही बॅटऱ्यांत सर्वांत खालची पायरी 1 लुमेन किंवा त्याहूनही कमी असते. लुमेन हे उजेडाचे माप. एक मेणबत्ती साधारण 12 लुमेन देते. म्हणजे ही पायरी मेणबत्तीच्या बाराव्या हिश्शाची. खोक्यावर तिला 'मूनलाईट' असे काहीतरी नाव छापलेले असते.

मी ती पहिल्यांदा दुकानात लावून पाहिली तेव्हा हसलो. भर दुपारी ती लागली आहे की नाही हेच कळेना. दुकानदार म्हणाला, "साहेब, रात्री बघा." तो खरे बोलला.

रात्री डोळा वेगळ्या पद्धतीने काम करतो. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी दिवसा रंग आणि बारकावे दाखवतात. दंडासारख्या पेशी अंधुक उजेडात उपयोगी पडतात. या दुसऱ्या पेशींत एक रंगद्रव्य असते, ते तयार होण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो तो यामुळेच. अंधारात गेल्यावर हे रंगद्रव्य पूर्ण भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि जोरदार उजेड पडला की ते काही क्षणांत उडते. म्हणून ट्यूब लावून बंद केली की मग अंधार आधीपेक्षा जास्त दाट वाटतो. झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे आधीच सरावलेले असतात. त्याला कळशी कुठे, चप्पल कुठे, कोणाचा पाय कुठे, हे दिसायला एका मेणबत्तीचाही उजेड लागत नाही. शिवाय रात्रीच्या प्रखर उजेडाने झोप आणणारे मेलॅटोनिन हे शरीरातले द्रव्य कमी होते. मग परत येऊन पडले तरी डोळा लागत नाही. रात्रपाळी करणाऱ्यांना हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र माझ्या अंदाजाबाहेरची निघाली. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उजेडच पोहोचतो. त्यामुळे जी पायरी मला भरपूर वाटली ती आईला पॅसेजमध्ये अपुरी पडली. ती आता खोलीत पहिली पायरी आणि दाराबाहेर दुसरी लावते. घरातील वृद्धांसाठी बॅटरी घेणाऱ्यांनी त्यांच्याच हातात देऊन, रात्रीच पाहावी.

अंधुक उजेडात वाचल्याने डोळे जातात अशी भीती आपल्याकडे आहे. डोळे शिणतात, जात नाहीत. तरीही अभ्यासासाठी ही सर्वांत खालची पायरी नव्हेच. बाबासाहेबांना त्यांचे वडील रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत, आणि परळच्या डबक चाळीत त्यांची एकच खोली होती, हे आपण चरित्रांतून वाचले आहे. एकाने जागायचे आणि बाकीच्यांनी झोपायचे, हा प्रश्न आपल्या घरांत जुना आहे. मुलांना पानावर जवळून पडणारा लहान दिवा द्यावा, त्याला पुठ्ठ्याची आडोशी करावी. बारीक बॅटरीचे काम दप्तर शोधणे, कपडे चढवणे, बाळाला पाजणे, औषधाची गोळी नीट पाहून घेणे एवढेच.

हे घरापुरते नाही. 5 डिसेंबरच्या रात्री शिवाजी पार्कवर स्वयंसेवक म्हणून मी अनेक वर्षे जातो. विदर्भ-मराठवाड्यातून दोन-दोन दिवस प्रवास करून आलेली माणसे मंडपात अंगाला अंग लावून झोपलेली असतात. आपला माणूस शोधायला कोणी येतो, फोनचा टॉर्च लावतो आणि एकेकाच्या तोंडावर मारीत पुढे जातो. लेकरे रडू लागतात, म्हाताऱ्या पदर डोळ्यांवर ओढतात. तो वाईट माणूस नसतो, त्याला दुसरा मार्ग ठाऊक नसतो. टॉर्चवर बोट ठेवले तरी बोटातून येणारा तांबूस उजेड वाट दिसायला पुरतो. तोंडाऐवजी जमिनीकडे धरावा आणि हाक मारून विचारावे. रुग्णालयात पेशंटजवळ रात्र काढणाऱ्यांनाही हेच लागू. शेजारच्या खाटेवरचा माणूस नुकताच झोपलेला असतो.

आता सेलचा हिशेब. चांगल्या अल्कलाईन पेन्सिल सेलमध्ये साधारण 2000 मिलिअँपिअर-तास वीज धरू. पूर्ण उजेडाला 500 मिलिअँपिअर लागले तर कागदावर चार तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. खालच्या पायरीला 5 मिलिअँपिअर लागले तर 400 तास. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा मंडणगड-दापोलीकडील कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. लॉकडाऊनमुळे येणे-जाणे अवघड. आमच्या गावच्या काकूंनी पहिल्या दोन रात्रींत घरातले सगळे सेल संपवले, कारण बॅटरी एकच तेजाची होती. नंतर त्या चूल विझली की अंधारात बसून राहत. तेच सेल बारीक उजेडावर पावसाळा काढते.

पण हे वाचून कोणी गावाकडे रात्री परसाकडे जाताना बारीक उजेड लावू नये. मण्यार रात्रीच फिरते. बाहेर पाय टाकताना पूर्ण झोत हवा, पायात बूट हवेत, हातात काठी हवी. तिथे झोपमोडीचा विचार करायचा नाही.

घेताना एक पाहावे. पुष्कळ स्वस्त बॅटऱ्यांत बारीक उजेड असतो, पण बटण दाबले की आधी पूर्ण झोत पडतो, मग मध्यम, मग बारीक, आणि चुकून आणखी एकदा दाबले की पोलीस गाडीसारखी झगमग सुरू. असली बॅटरी रात्रीच्या कामाची नाही. बटण दाबून धरले की थेट खालच्या पायरीवर लागणारी, किंवा शेवटची पायरी लक्षात ठेवणारी घ्यावी. विकत घ्यायची नसेल तर जुन्या बॅटरीच्या काचेवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन पदर लावावेत. काही फोनमध्ये टॉर्चचा जोर कमी करता येतो, तो करून ठेवावा. नाहीतर टॉर्च न लावता नुसता पडदा उजळून पायाकडे धरावा. आणि न वापरता पडलेल्या बॅटरीतून सेल काढून ठेवा. ते पाझरले की आतला पत्रा खातात.

मला बॅटरी साडेचारशेला पडली. आईने तिला नाडी बांधून उशाशी अडकवली. ती नंतर पडली नाही, परंतु बॅटरी मात्र जागेवर सापडत नाही. बाळासाठी भावजय उचलते, डबा भरायला बायको उचलते, भाऊ आल्यावर तिच्याच उजेडात जेवतो. परवा आईने सगळ्यांना सुनावले. तेव्हा या पगाराला दुसरी आणायची ठरले आहे.