मतपेटीशेजारी उभे राहिलेले धर्मगुरू

९ फेब्रुवारी १९८६ची रात्र. मनिलाच्या समुद्रकाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात फिलिपिन्सच्या निवडणूक आयोगाचे संगणक राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांची बेरीज करत होते. देशोदेशीचे पत्रकार आणि निरीक्षक समोर बसले होते. अचानक संगणकावर काम करणारे तीसहून अधिक तंत्रज्ञ खुर्च्या सोडून उठले आणि एका रांगेत सभागृहाबाहेर पडले. त्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता. आपण यंत्रात भरतो ते आकडे आणि समोरच्या फलकावर झळकणारे आकडे जुळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. बाहेर सत्ता फर्डिनंड मार्कोस यांची होती. पकडले गेलो तर काय होईल, हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती मंडळी तडक बाक्लारानच्या चर्चमध्ये गेली आणि तिथेच त्यांनी आसरा घेतला.

पोलीस ठाण्यात नाही, न्यायालयात नाही, वर्तमानपत्राच्या कचेरीतही नाही. सरकारी आकडा खोटा आहे, हे सांगायला सरकारी कर्मचाऱ्यांना चर्चच जवळचं का वाटलं? निवडणूक शांततेत आणि सचोटीनं व्हावी म्हणून धर्मगुरूंनी काय करावं, यावर जगभर परिषदा होतात, ठराव होतात. पण ते कसं घडतं, कशानं घडतं आणि कुठे फसतं, हे समजून घ्यायचं तर फिलिपिन्सच्या गेल्या पन्नास वर्षांइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

मार्कोस १९६५च्या अखेरीस निवडून राष्ट्राध्यक्ष झाले. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला. संसद बंद झाली, वर्तमानपत्रांना टाळी लागली, विरोधक तुरुंगात गेले. न्यायालयं उरली ती नावापुरती. या पडझडीत गावोगावी स्वतःची इमारत, स्वतःच्या शाळा, स्वतःचं रेडिओ केंद्र आणि लोकांचा विश्वास टिकवून असलेली एकच संस्था राहिली, ती म्हणजे कॅथलिक चर्च. देशातले दहांपैकी आठ लोक कॅथलिक.

म्हणून चर्च पहिल्या दिवसापासून हुकूमशाहीविरुद्ध उभं राहिलं, असं मात्र नाही. बरेच बिशप सुरुवातीला गप्प होते, काहींना लष्करी कायद्यात शिस्तीची आशा दिसत होती. १९७४ मध्ये मनिलाचे आर्चबिशप झालेले आणि दोन वर्षांनी कार्डिनलपदी पोहोचलेले हायमे सिन यांचं धोरणही सरकारशी सहकार्य करायचं, पण डोळे उघडे ठेवून, असं होतं. खरं काम सुरू झालं ते खालच्या पायरीवर. १९७४ मध्येच धर्मसंघांच्या प्रमुखांनी राजबंद्यांसाठी एक कार्यदल उभारलं. सिस्टर मारियानी दिमारानान या धर्मभगिनीनं पुढे अनेक वर्षं त्याची धुरा वाहिली. कोण पकडला गेला, कुठे ठेवला, कुणाचा छळ झाला, कोण परत आलाच नाही, याची एकेका माणसागणिक नोंद हे कार्यदल ठेवू लागलं. पुढे मतमोजणीच्या वेळी चर्चच्या माणसांनी जो चिवटपणा दाखवला, त्याचं मूळ मला या नोंदींत दिसतं. सत्ता एक सांगते आणि प्रत्यक्षात दुसरंच घडलेलं असतं. तेव्हा आवाज चढवण्याआधी घडलं ते लिहून ठेवायचं, ही सवय तिथे लागली.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून परतले आणि मनिला विमानतळावरच त्यांची हत्या झाली. अंत्यविधीची मिसा कार्डिनल सिन यांनी अर्पण केली. अंत्ययात्रेला लाखो माणसं लोटली. सरकारी माध्यमांनी तिच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा चर्चच्या रेडिओ व्हेरितासनं ती देशाला ऐकवली. त्याच वर्षी उद्योगपती होसे कॉन्सेप्सियन यांच्या नेतृत्वाखाली नामफ्रेल ही निवडणुकीवर देखरेख ठेवणारी नागरी चळवळ उभी राहिली. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी असे सगळे तिच्यात होते, पण गावपातळीवर तिचा सांगाडा बहुतेक ठिकाणी धर्मग्रामांचा, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या समाजाचा होता. कॉन्व्हेंट शाळेच्या वर्गात प्रशिक्षण, चर्चच्या आवारात बैठक, फादरांच्या दूरध्वनीवरून निरोप. १९८४च्या संसदीय निवडणुकीत या यंत्रणेची पहिली परीक्षा झाली.

त्याच सुमारास आणखी एक काम चाललं होतं. पुढे १९८६ मध्ये मनिलातल्या एदसा रस्त्यावरच्या रणगाड्यांची छायाचित्रं जगानं पाहिली, त्यामागची ही तयारी फार थोड्यांना ठाऊक असते. हिल्डेगार्ड गॉस-मायर आणि ज्याँ गॉस हे युरोपातलं कॅथलिक दांपत्य १९८४ मध्ये फिलिपिन्समध्ये आलं. अहिंसक प्रतिकार हा या दोघांच्या आयुष्याचा ध्यास, आणि त्यामागे गांधीजींची प्रेरणा. त्यांनी बिशप, धर्मभगिनी, कामगार, विद्यार्थी यांची शिबिरं घेतली. त्यांतून अक्कापका ही संघटना जन्मली आणि फादर होसे ब्लँको या जेजुइट धर्मगुरूंनी ती चालवली. शिबिरांत चर्चा चाले ती अगदी रोकड्या गोष्टींची. गुंड मतपेटी पळवायला आला तर हात न उचलता काय करायचं? सैनिकाशी काय बोलायचं? आपल्या मनातला द्वेष कुठे ठेवायचा? निवडणुकीच्या दिवसांत मनिलाच्या आर्थिक केंद्रात, माकातीत, प्रार्थनेसाठी तंबू उभा राहिला. लोक तिथे उपास करत, प्रार्थना करत आणि पुढच्या प्रसंगाला मन घट्ट करत.

नोव्हेंबर १९८५ मध्ये मार्कोस यांनी एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली. ७ फेब्रुवारी १९८६ ही मतदानाची तारीख ठरली. समोर दिवंगत अक्विनोंच्या पत्नी कोराझोन उभ्या राहिल्या. इथे कार्डिनल सिन यांनी एक पाऊल टाकलं, त्यावर आजही वाद होतो. विरोधी गटातले दुसरे इच्छुक साल्वादोर लॉरेल माघार घेऊन उपाध्यक्षपदासाठी लढायला तयार झाले, त्यामागे सिन यांची मध्यस्थी होती. धर्मगुरूनं उमेदवारीच्या तडजोडीत पडावं का? मला विचाराल तर ती सीमा त्यांनी ओलांडली होती. त्यांनी नंतर जे केलं त्याचं मोल मी कमी लेखत नाही, पण ही गोष्ट झाकूनही ठेवता येत नाही.

मतदानापूर्वी सिन यांनी आणि बिशपांच्या परिषदेनं पाळकीय पत्रं काढली. ती गावोगावच्या चर्चमध्ये वाचली गेली. अमक्याला मत द्या, असं त्यांत नव्हतं. मतदाराला धमकावणं, मत विकत घेणं, निकाल फिरवणं हे परमेश्वरापुढे अपराध आहेत, आणि अशा कामात हात असलेला माणूस 'वरून हुकूम होता' म्हणून सुटत नाही, असा त्यांचा रोख होता. सिन यांनी मांडलेला एक मुद्दा तर थेट गरिबाच्या झोपडीशी बोलणारा होता: कुणी पैसे दिले म्हणून त्याला मत देण्याचं बंधन तुमच्यावर येत नाही. पैसे घेतले तर शब्द पाळायला हवा, असं मानणाऱ्या भाबड्या, प्रामाणिक माणसाला धाकात ठेवूनच मतांचा बाजार चालतो. सिन यांनी नेमका तो धाक काढून घेतला.

मतदानाच्या दिवशी नामफ्रेलचे सुमारे पाच लाख स्वयंसेवक देशभर पसरले होते. अनेक केंद्रांवर धर्मभगिनी मतपेट्यांभोवती हातात हात गुंफून उभ्या राहिल्या, काहींनी पेट्यांना अक्षरशः मिठी मारली. केंद्रावरच्या निकालपत्रकाची प्रत घ्यायची, ती सुखरूप पोहोचवायची आणि मनिलातल्या ला साल ग्रीन हिल्स या कॅथलिक शाळेच्या व्यायामशाळेत तिची बेरीज करायची, अशी ही समांतर मोजणी होती. तिची किंमत माणसांनी रक्तानं मोजली. ११ फेब्रुवारीला आंतिक प्रांताचे माजी गव्हर्नर एव्हेलियो हाव्हियर यांना भर चौकात गोळ्या घालण्यात आल्या. अक्विनोंच्या बाजूनं ते तिथल्या मोजणीवर पहारा देत होते.

नामफ्रेलला सगळीकडची पत्रकं मिळाली नाहीत. सुमारे ७० टक्के केंद्रांचीच बेरीज झाली. तीत कोराझोन अक्विनो ७८ लाख आणि मार्कोस ७० लाखांच्या आसपास होते. सरकारी आकडा आला तो उलटा: मार्कोस १ कोटी ८ लाख, अक्विनो ९३ लाखांच्या आत. आता कुणाचं खरं मानायचं? अमेरिकेचे अध्यक्ष रेगन तर म्हणाले, गैरप्रकार दोन्ही बाजूंनी झाले असतील. जगातली सर्वांत बलाढ्य लोकशाही अशी चाचरत होती, तेव्हा १४ फेब्रुवारीला फिलिपिन्सच्या बिशप परिषदेचं निवेदन प्रसिद्ध झालं. परिषदेचे अध्यक्ष सेबूचे कार्डिनल रिकार्दो विदाल होते. माझ्या मते या सगळ्या कहाणीचा कणा हेच निवेदन आहे. बिशपांनी गैरप्रकार एकेक करून सांगितले: याद्यांतून लाखो नावं गाळली गेली, मतं विकत घेतली गेली, निकालपत्रकं फिरवली गेली, दहशत आणि खून झाले. पुढे त्यांनी म्हटलं, की फसवणुकीनं मिळवलेल्या सत्तेला नैतिक अधिष्ठान नसतं आणि तिला प्रतिकार करायचा, पण शांततेच्या मार्गानं.

धर्मपीठ सहसा सत्तेला आशीर्वाद देतं. इथे त्यानं आशीर्वाद नाकारला, आणि तोही हातात पुरावे असताना. दुसऱ्या दिवशी संसदेनं मार्कोस यांना विजयी घोषित केलं, तेव्हा त्या घोषणेतला जीव आधीच गेला होता. २२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री एन्रिले आणि जनरल रामोस यांनी बंड केलं. त्या रात्री सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना हाक दिली: त्यांच्या छावणीकडे जा, आपल्या या मित्रांना साथ द्या, अन्न न्या. एदसा रस्ता माणसांनी भरला. रणगाड्यांपुढे जपमाळा घेतलेल्या धर्मभगिनी गुडघे टेकून बसल्या. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले.

आपल्याकडचा वाचक इथे थबकेल, आणि थबकायलाच हवं. भारताच्या १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२३वं कलम धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचरण ठरवतं. दैवी कोपाची भीती घालणंही त्याच कलमात येतं. या कलमाचा अर्थ ठरवणारे दोन मोठे निकाल मुंबईतल्या निवडणुकांतून आले. १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतून आलेल्या रमेश प्रभू खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये दिला. १९९०च्या सांताक्रूझमधल्या लढतीतून उभा राहिलेला अभिराम सिंग खटला २०१७ मध्ये सात न्यायाधीशांपुढे चार विरुद्ध तीन असा निकाली निघाला. आपल्या कायद्याला भीती आहे ती धर्म मत मागेल याची, आणि ती रास्त आहे. फिलिपिन्समधला धर्मगुरू मात्र, उमेदवारीच्या त्या तडजोडीचा अपवाद सोडला तर, मत मागत नव्हता. दिलेलं मत मोजलं जातंय ना, याची विचारपूस करत होता.

पण मोजणी हाती असली की काम फत्ते होतं, असंही नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात जोसेफ कबिला यांची दुसरी आणि शेवटची मुदत डिसेंबर २०१६ मध्ये संपली, तरी ते पायउतार झाले नाहीत. तिथल्या बिशपांनी सरकार आणि विरोधकांना एकत्र बसवून ३१ डिसेंबरला करार घडवला. वर्षभरात निवडणूक होणार होती, झाली नाही. मग कॅथलिक लोक प्रार्थनेनंतर रस्त्यावर उतरले आणि सुरक्षा दलांच्या गोळ्यांना बळी पडले. अखेर ३० डिसेंबर २०१८ला मतदान झालं. चर्चनं सुमारे ४० हजार निरीक्षक नेमले होते. इतकं मोठं जाळं दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. सरकारनं इंटरनेट बंद केलं. ३ जानेवारीला बिशप म्हणाले, आमच्या माहितीनुसार विजेता स्पष्ट आहे. नाव त्यांनी घेतलं नाही. आठवडाभरात आयोगानं विरोधी उमेदवार फेलिक्स त्शिसेकेदी यांना ३८ टक्क्यांहून अधिक मतं देऊन विजयी ठरवलं. हे आमच्या आकड्यांशी जुळत नाही, एवढंच बिशप म्हणाले. बाहेर फुटलेल्या कागदपत्रांत दुसरे विरोधी उमेदवार मार्टिन फायुलू मोठ्या फरकानं पुढे होते. तरीही त्शिसेकेदी यांचा शपथविधी पार पडला.

त्या बिशपांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निकाल जाहीर करण्याचा अधिकार कायद्यानं एकट्या आयोगाला होता, आणि नाव उच्चारताच रक्तपात होईल ही भीती खरी होती. त्या देशानं लाखो माणसं युद्धात गमावली आहेत. तरी वाटत राहतं, की ४० हजार माणसांनी उन्हातान्हात उभं राहून जमवलेलं सत्य अर्धंच बाहेर आलं आणि उरलेल्या अर्ध्याचा फायदा सत्तेचं गणित जुळवणाऱ्यांनी घेतला. शांतता आणि न्याय्य निवडणूक हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. काँगोच्या राजधानीत, किन्शासात, त्या दोहोंतलं एकच निवडायची पाळी आली होती.

फिलिपिन्समध्येही एदसाचं तेज पुढे तसंच राहिलं नाही. जानेवारी २००१ मध्ये सिन यांनी पुन्हा लोकांना रस्त्यावर बोलावलं. या वेळी पायउतार झाले ते राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप होते, पण १९९८ मध्ये ते मोठ्या मताधिक्यानं निवडून आले होते. काही महिन्यांतच त्यांचे गरीब समर्थक त्याच रस्त्यावर उतरले. आमचं मत तुम्ही पुसलंत, हा त्यांचा सल होता, आणि तो खोटा म्हणता येत नाही.

२०२२च्या निवडणुकीत हजाराहून अधिक धर्मगुरू आणि धर्मसंघीय राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार लेनी रोब्रेदो यांच्या पाठीशी उघड उभे राहिले. दुसरीकडे इग्लेसिया नी क्रिस्तो हा आपल्या अनुयायांना एकगठ्ठा मत द्यायला सांगणारा पंथ १९८६ मध्ये थोरल्या मार्कोस यांच्यामागे होता, तसाच आता त्यांच्या मुलामागे राहिला. फर्डिनंड मार्कोस धाकटे ३ कोटी १६ लाख मतं मिळवून निवडून आले, रोब्रेदोंच्या दुपटीहून अधिक. व्यासपीठावरून सुचवलेलं नाव कॅथलिक मतदारानं ऐकून घेतलं आणि आपल्या मनाचं केलं.

त्याच निवडणुकीत चर्चचं दुसरं काम मात्र शांतपणे चालू होतं. १९९१ मध्ये सुरू झालेली पीपीसीआरव्ही ही धर्मग्रामांची संघटना मतदार शिक्षण करते आणि मोजणी तपासते. मतदान आता यंत्रावर होतं. प्रत्येक यंत्रातून निघणाऱ्या निकालपत्रकाची चौथी प्रत तिला मिळते. मे २०२२ मध्ये मनिलातल्या सांतो तोमास विद्यापीठात तिचे स्वयंसेवक रात्रंदिवस बसून कागदावरचे आकडे संगणकात भरत होते आणि आयोगाकडे पोहोचलेल्या आकड्यांशी पडताळून पाहत होते. निकालानं हादरलेले अनेक लोक त्यांच्याकडे डोळे लावून होते, कुठे तरी फेरफार सापडेल या आशेनं. संघटनेनं आकडे तपासले आणि जाहीर केलं, की दोन्ही मोजण्यांत म्हणण्यासारखा फरक नाही.